आधी ठोकळा, मग चौकोन

पाच वर्षांच्या मुलाच्या हातात लुडोचा फासा द्या आणि विचारा, "हा कोणता आकार?" उत्तर बहुधा 'चौकोन' असं येतं. बिस्किटांचा पुडा म्हणजे 'लांब चौकोन', विदूषकाची टोपी म्हणजे 'त्रिकोण'. ताई दुरुस्त करतात, "चौकोन नव्हे बाळा, घन." मूल 'घन' म्हणतं आणि पुढच्याच ठोकळ्याला पुन्हा चौकोन म्हणून मोकळं होतं. हे काही आपल्याच बालवाड्यांत घडतं असं नाही. लहान मुलांच्या भूमितीचा अभ्यास करणाऱ्यांनी इतर देशांतही हेच नोंदवलं आहे. फासे, चेंडू, डबे यांच्याशी मुलाची ओळख रांगत्या वयापासूनची. पण नावं शिकवायची वेळ आली की आपण त्याच्यापुढे तक्ता धरतो, आणि तक्त्यावर ठोकळा मावत नाही, चौकोनच मावतो.

घनाकृती लहान मुलांना कधी, कोणत्या क्रमाने आणि किती खोलात शिकवायच्या, हा वाद बराच जुना आहे. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'चे तेरा ग्रंथ बिंदूच्या व्याख्येपासून सुरू होतात आणि घनाकृतींची पाळी अकराव्या ग्रंथात येते. सिद्धता शिकणाऱ्या प्रौढाला हा क्रम सोयीचा आहे. शाळांनी मात्र तोच पार बालवर्गापर्यंत ओढत आणला: आधी रेघ, मग त्रिकोण-चौकोन, आणि वर्षाच्या शेवटी वेळ उरला तर घन. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) वेगळीच वाट दिसते. तिथे घनमापन येतं ते खणलेल्या खड्ड्यातून, विटांच्या चितीतून आणि धान्याच्या राशीतून. राशीची उंची परिघाच्या कितवा भाग धरायची, हे ते धान्य पाहून सांगतात: जाड धान्याला दहावा, बारीक धान्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. म्हणजे दाणा बारीक, तर रास पसरट. खळ्यावर उभं राहून पाहिल्याशिवाय सुचणारं हे गणित नव्हे. बालवर्गाच्या पुस्तकांपर्यंत ही दृष्टी पोहोचली नाही, ती पोहोचायला हवी होती.

शाळेसाठी हा क्रम जाणून-बुजून उलटा केला तो फ्रीड्रिख फ्रोबेलने. १८३७ मध्ये त्याने जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. तरुणपणी तो बर्लिनमध्ये क्रिस्टियान वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करत असे. स्फटिकांचे पैलू न्याहाळण्याची ती सवय त्याच्या खेळण्यांत उतरली. त्याने मुलांसाठी ठरवलेल्या भेटवस्तूंपैकी पहिली म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरीत लाकडी गोल, लाकडी घन आणि दोघांच्या मध्ये वृत्तचिती. गोल सगळीकडून सारखा, तो थांबता थांबत नाही; घन ठेवला तिथे बसतो; वृत्तचिती आडवी केली तर गोलासारखी घरंगळते, उभी केली तर घनासारखी बसते. हे तिन्ही आकार दोऱ्याला टांगून गरगर फिरवायचे. फिरणाऱ्या घनात वृत्तचिती दिसू लागते, आडव्या अक्षावर फिरणाऱ्या वृत्तचितीत गोल. तिसरी भेट म्हणजे आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक मोठा घन, मोडायचा आणि पुन्हा रचायचा. त्यापुढे पातळ फरश्या, मग काड्या, आणि शेवटी बिंदू म्हणून भिजवलेले वाटाणे. युक्लिडचा जिना फ्रोबेल वरून खाली उतरला.

प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली, पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. श्वाइना गावातल्या त्याच्या थडग्यावर घन, वृत्तचिती आणि गोल एकावर एक ठेवलेले आहेत. त्याच्या अनुयायांनी मात्र या खेळाची कवायत केली. रेघा आखलेल्या टेबलांशी मुलं बसवायची आणि शिक्षिकेच्या हुकुमानुसार सगळ्यांनी एकाच वेळी एकच ठोकळा उचलायचा, असे वर्ग पुढे अमेरिकेत सर्रास भरत. ठोकळे हातात असूनही शिक्षण पाठांतराचं होऊ शकतं, हा धडा तेव्हाचा आहे. साहित्य वाटलं की काम झालं असं मानणाऱ्या आपल्या योजनांनी तो वाचावा.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीतला निळ्या लाकडी घनाकृतींचा संच आजही तसाच वापरला जातो: घन, गोल, वृत्तचिती, शंकू, पिरॅमिड, चिती, अंड्याचा आकार वगैरे दहा वस्तू. सगळ्यांचा रंग एकच, म्हणजे फरक ओळखायचा तो फक्त आकारावरून. मूल डोळ्यांवर पट्टी बांधतं, वस्तू दोन्ही हातांनी चाचपतं आणि मग ओळखतं. नाव सांगायची घाई नसते. आधी 'हा शंकू' असं शिक्षिका म्हणते, मग 'मला शंकू दे' असं मागते, आणि अगदी शेवटी 'हे काय आहे?' असं विचारते. आपल्या वर्गांत नेमका तिसरा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातो.

माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांची पद्धत त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला रुजवायला घेतली होती. ताराबाईंपुढची अडचण फार व्यवहारी होती: गुळगुळीत घासलेले, मापात कापलेले लाकडी संच गरीब खेड्यात आणायचे कुठून? १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी याचं उत्तर शोधलं. शंख-शिंपले, बिया, खडे, माती, बांबू, जे आसपास मिळेल तेच साधन. आणि मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात. एक गोष्ट मात्र खरी, की बी काही शुद्ध गोल नसते आणि शिंपला कोणत्याच आकाराच्या नावात बसत नाही. माँटेसरी संचात आकार अचूक मिळतो, अंगणातल्या वस्तूंत आकारांची विविधता मिळते. मुलाला दोन्ही हवं. पण निवडच करायची झाली तर मी अंगण निवडेन. कारण 'हा जवळजवळ गोल आहे, पण नाही' असं म्हणताना मूल गुणधर्माकडे बघू लागतं.

संशोधनाच्या बाजूने बघायचं तर सुरुवात झ्याँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांच्या १९४८ च्या अभ्यासापासून करावी लागते. पडद्याआड ठेवलेली वस्तू मुलांनी फक्त हाताने चाचपायची आणि मग चित्रांतून ओळखायची. अगदी लहान मुलं वस्तू नुसती मुठीत धरतात. थोडी मोठी झाली की बोटं कडेवरून फिरवू लागतात, कोपऱ्याशी थांबतात, परत मागे येतात. वस्तूला भोक आहे की नाही हे मुलांना आधी कळतं आणि सरळ-वक्र हा फरक नंतर, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढच्या संशोधकांनी जसाच्या तसा मान्य केला नाही, पण बोटांचं निरीक्षण टिकलं: आकार कळतो तो हात हलता असेल तर. त्याच पुस्तकातली दुसरी नोंद शिक्षकांच्या जास्त कामाची आहे. डबा उलगडून सपाट केला तर कसा दिसेल, हे मुलांना विचारलं गेलं. ज्या मुलांना शाळेत कागद दुमडण्या-उलगडण्याची सवय होती, ती इतरांपेक्षा दोन-तीन वर्षं पुढे होती. म्हणजे सगळं काही वयावर सोडून भागत नाही.

नेदरलँड्समधल्या पियरे व्हान हील आणि डिना व्हान हील-गेल्डॉफ या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये नेमकं हेच जोर देऊन मांडलं. भूमितीचं आकलन पायऱ्यांनी वाढतं: आधी मूल आकार एकूण रूपावरून ओळखतं, 'दारासारखा आहे म्हणून', मग त्याचे गुणधर्म वेगळे काढतं, मग गुणधर्मांचे आपसातले संबंध बघतं. एका पायरीवरून दुसरीवर मूल वाढदिवसाने जात नाही, शिकवण्याने जातं. आणि शिक्षक वरच्या पायरीच्या भाषेत बोलत असेल, तर खालच्या पायरीवरच्या मुलाला ते पाठ करण्यावाचून गत्यंतर नसतं. 'घनाला सहा पृष्ठे, बारा कडा, आठ शिरोबिंदू' हे पाठ म्हणणारं मूल खोक्याच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं की गोंधळतं, ते यामुळे.

हात आणि डोळा यांच्या नात्याविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा भारतातून आला आहे. विल्यम मोलिन्यू याने १६८८ मध्ये जॉन लॉकला एक प्रश्न विचारला होता: जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येत असेल, आणि त्याला अचानक दृष्टी आली, तर नुसतं बघून तो ते ओळखेल का? पवन सिन्हा यांच्या 'प्रकल्प प्रकाश'मध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. त्यातल्या पाच मुलांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना लगेच डोळ्यांनी ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच येऊ लागली. पाच मुलांवरून मोठे सिद्धांत उभारू नयेत, आणि डोळस बाळांची गोष्ट वेगळी असते. तरीही हाताचं आणि डोळ्याचं ज्ञान अनुभवाने जुळतं आणि भराभर जुळतं, एवढं त्यातून घेता येतं.

चित्राची अडचण निराळीच. पुस्तकातला घन म्हणजे एक चौरस आणि त्याला चिकटलेले दोन तिरपे चौकोन. ज्याला ही खूण ठाऊक आहे त्यालाच त्यात घन दिसतो. मायकेल मिचेलमोर यांनी १९७८ मध्ये मुलांनी काढलेल्या घनाकृतींच्या चित्रांच्या चार पायऱ्या दाखवल्या. सुरुवातीला मूल एकच चौरस काढतं. मग दिसतात-न दिसतात ती सगळी पृष्ठं शेजारी शेजारी मांडतं. मग खोली दाखवायची धडपड करतं. आणि बऱ्याच उशिराने समांतर कडा समांतर ठेवू लागतं. दुसऱ्या पायरीवरच्या मुलाचं चित्र आपण चूक म्हणून खोडतो. खरं तर त्याला मागची बाजू आठवते आहे, जी पुस्तकातल्या चित्रात नाहीच. पहिलीतल्या मुलाला छापील घन ओळखायला लावणं ही चित्रवाचनाची परीक्षा आहे, भूमितीची नव्हे.

मग लहान मुलाच्या दृष्टीने गुणधर्म म्हणजे काय? वस्तू काय करते, ते. घरंगळते की सरकते, उभी राहते की लवंडते, तिच्यावर दुसरी ठेवता येते का. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण आपले वर्ग हे एका तासात उरकतात. 'चेंडू घरंगळतो, खोकं सरकतं' एवढ्यावर थांबायचं कारण नाही. स्टीलचा निमुळता पेला जमिनीवर आडवा ढकला: तो सरळ जात नाही, वळत जातो. कागदाचा शंकू ढकलला तर टोकाभोवती गोल फिरून मूळ जागी येतो. सरळ डबा मात्र समोरच्या भिंतीला जाऊन धडकतो. का? पेल्याची रुंद कड एका वेढ्यात जास्त अंतर कापते, अरुंद बूड कमी. दोघांचे वेढे मात्र बरोबरीने होतात. सहा वर्षांच्या मुलाला हे कारण या शब्दांत सांगता येणार नाही, पण 'इकडून मोठ्ठा आहे ना!' असं ते म्हणतं, आणि ते पुरेसं आहे. गोल पेन्सिल आणि सहा बाजूंची पेन्सिल उतरत्या पाटीवर सोडून बघा. कॅरमची सोंगटी उभी केली तर चाकासारखी पळते, मग ती आणि तेलाचा डबा एकाच जातीचे का? मुलांना हे पटवणं अवघड जातं, कारण त्यांच्या मनातली वृत्तचिती नेहमी उंच आणि उभी असते. जाडजूड पुस्तक इष्टिकाचिती आहे हे मान्य होतं. पातळ वही, आणि पुढे एकच पुठ्ठा? त्रिकोणी तळाचा पिरॅमिड, आडवा पडलेला शंकू, तिरका ठेवलेला घन ही मंडळी तक्त्यावर कधीच नसतात. दुकानातले आकारांचे खेळही बहुतेक ठरावीक, सुबक नमुन्यांचेच असतात. मूल शिकतं ते नमुना, आणि नमुन्याबाहेरचं सगळं नाकारतं.

कडा-कोपरे मोजणं याच्या पुढचं, आणि तेही फक्त सपाट पृष्ठांच्या वस्तूंवर. वृत्तचितीला पृष्ठं किती, कडा किती, हा प्रश्न लहान मुलांच्या स्वाध्यायांत दिसला की मला राग येतो. इंग्लंडच्या २०१३ च्या अभ्यासक्रमात सहा-सात वर्षांच्या मुलांनी घनाकृतींच्या कडा, शिरोबिंदू, पृष्ठं सांगावीत अशी अपेक्षा आहे, आणि वृत्तचितीपाशी तिथलेही शिक्षक अडखळतात. वक्र बाजूला पृष्ठ म्हणायचं का, गोल काठ ही कड का, शंकूचं टोक शिरोबिंदू का, हे सगळं व्याख्येवर ठरतं. ऑयलरने १७५० मध्ये सांगितलेलं सूत्र आहे: शिरोबिंदूंमधून कडा वजा करून पृष्ठं मिळवली की दोन येतात. घनाला ८ वजा १२ अधिक ६, बरोबर दोन. वृत्तचितीला तीन पृष्ठं, दोन कडा, शून्य शिरोबिंदू मानले तर उत्तर एक. शंकूला एक टोक, एक कड, दोन पृष्ठं मानली तर दोन, पण ते योगायोगाने. सूत्र मुळात सपाट पृष्ठांच्या आकृतींसाठी आहे. जिथे गणितज्ञ आधी 'व्याख्या सांगा' म्हणतील, तिथे सात वर्षांच्या मुलाचा अर्धा गुण कापायचा, हा अन्याय आहे.

मोजायचंच असेल तर एकच घन तीन प्रकारे हातात द्यावा. भरीव ठोकळा पृष्ठं दाखवतो. पोकळ खोकं उलगडलं की त्याची घडण दिसते. काड्यांचा सांगाडा कडा आणि कोपरे दाखवतो, शिवाय आरपार बघू देतो. सांगाड्याची कल्पना फ्रोबेलच्या वाटाण्यांची. तिला आपल्याकडे नवा जन्म दिला अरविंद गुप्ता यांनी. १९७० च्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकृत्या जोडायला सुरुवात केली; पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून हे काम कितीतरी शाळांत गेलं. बारा काड्यांचा घन बोटाने ढकलला तर कलंडतो, सहा काड्यांचा त्रिकोणी पिरॅमिड ताठ राहतो. छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला तिथेच उमगतं. लहानांच्या हाती आगपेटी नको वाटत असेल तर खराट्याच्या काड्या आणि मातीच्या गोळ्या चालतात. कड मोजायची म्हणजे काडी मोजायची, कोपरा म्हणजे गोळी.

उलगडलेल्या घडणीचा खेळ तिसरी-चौथीत खरा रंगतो. सहा सारखे चौरस कडेला कड लावून ३५ प्रकारे जोडता येतात आणि त्यांतल्या फक्त ११ जोडण्यांचा घन होतो. कोणत्या होतील हे आधी डोक्यात दुमडून सांगायचं, मग कात्रीने कापून पाहायचं. टूथपेस्टचं खोकं उघडून सपाट करणं हा मात्र पहिलीचाही खेळ होऊ शकतो.

भाषेबद्दल एवढंच: शिकागोच्या एका अभ्यासात (२०११) ज्या लहानग्यांच्या कानावर 'वर, कड, वाकडं, उंच, टोक' अशा धर्तीचे शब्द अधिक पडले, ती ते शब्द स्वतःही अधिक वापरू लागली आणि पुढे अवकाशाच्या कोड्यांत सरस ठरली. आणखी एका तुलनेत, आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक खेळ हाती असताना आईवडील असे शब्द कमी वापरताना दिसले. साधा लाकडी खेळ असला की जास्त. टॅबलेटवर फिरणारा घन देखणा असतो, पण तो पायावर पडत नाही.

आता आपल्याकडची स्थिती. 'एनसीईआरटी'च्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्तींत पहिलीसाठी वाक्य आहे, की मुलाने वस्तूंची वैशिष्ट्यं स्वतःच्या भाषेत सांगावीत, जसं चेंडू घरंगळतो, खोकं सरकतं. घनाकृतींची नावं दुसरीत. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते आठ वर्षांसाठी खेळ आणि हाताळणीलाच मध्यवर्ती मानलं, २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' ही खेळ-साहित्याची पेटीही आली. कागदोपत्री आपण फ्रोबेल आणि ताराबाईंच्या बाजूने आहोत. बिघाड होतो तो कागद आणि वर्ग यांच्यामध्ये: खासगी शिशुवर्गातल्या फ्लॅशकार्डांत, पालकांना दाखवायच्या वर्कशीटमध्ये, 'मुलाला क्यूब-कोन येतात का' या चौकशीत, आणि पेटीतलं साहित्य हरवेल म्हणून कुलपात ठेवणाऱ्या शाळेत.

पुस्तकं आणि परीक्षा ठरवणाऱ्यांकडे म्हणून मागणी साधी आहे. दुसरीपर्यंतच्या लेखी कामातून घनाकृतींच्या पृष्ठं-कडांचे आकडे काढून टाका, वक्र आकारांच्या बाबतीत तर चौथीपर्यंत. ते गुण तोंडी कामाला द्या. मुलापुढे पाच वस्तू ठेवा आणि विचारा, यातली कोणती घरंगळेल, कुठे जाईल, आणि तुला असं का वाटतं? त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. पोषण आहार शिजतो त्या शाळेत तेलाचा डबा, पेला, बटाटा, मिठाची पिशवी आणि रिकामं खोकं आजही हजर आहे.